सुपरहिरोचा दुसरा पार्ट अर्धा आवडला, अर्धा डोक्यात गेला, तर काय करायचं

थेटरातून बाहेर पडलं की पार्किंगमध्ये गाडी काढायच्या आधीच कुणीतरी विचारतं, "कसा वाटला बे?" आणि आपल्या तोंडातून निघतं, "बराय." आता बरा वगैरे काही नसतो तो. त्यातली वीस मिनिटं अशी असतात की अंगावर काटा आलेला असतो, दुसरी वीस मिनिटं अशी की खुर्चीत चुळबुळ करत दोनदा मोबाईलमध्ये टाइम बघितलेला असतो, आणि आपण दोन्हीची सरासरी काढून मधलाच एक फिक्का शब्द फेकून मोकळे होतो. मी हे लय वर्षं केलं. ज्यांना सिक्वेल बघून आल्यावर चार दिवस आपल्याला नक्की काय वाटलं तेच कळत नाही, आणि तोवर ग्रुपमधल्या सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्याचं मतच आपलं होऊन बसतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

गोल गोल बोलणं नको म्हणून एकच पिक्चर धरतो. 'डॉक्टर स्ट्रेंज इन द मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस', मार्वलच्या त्या जादूगार सुपरहिरोचा दुसरा पार्ट, ६ मे २०२२ ला आलेला, दोन तास सहा मिनिटांचा. इतकी वर्षं झालीत, त्यामुळं स्पॉयलर स्पॉयलर म्हणून ओरडू नका, ज्यांनी बघितला नाही त्यांनी आधी बघून या. मे महिना, सोलापूरचं ऊन, डांबर वितळतंय की काय असं वाटणारी दुपार, आणि आम्ही पाच जण दुपारच्या शोला. निम्मे एसीसाठी आले होते हे कबूल करतो.

जायच्या आधी

तीन ओळी लिहा. मोबाईलमध्ये, कागदावर, तिकिटाच्या मागं, कुठंही. या पिक्चरकडून मला काय पाहिजे, एवढंच. हे येडपटपणाचं वाटतं पण बाकीचं सगळं याच्यावर उभं आहे, कारण पिक्चर बघितल्यावर आपल्याला आधी काय पाहिजे होतं ते आठवतच नाही, नुसती नाराजी शिल्लक राहते आणि ती कशाची ते कळत नाही.

माझ्या तीन ओळी होत्या. एक, २०१६ च्या पहिल्या पार्टच्या शेवटासारखा डोकेबाज शेवट पाहिजे. तो आठवतोय ना, स्ट्रेंज त्या डोरमामू नावाच्या व्हिलनला मारामारी करून हरवत नाही, वेळेचं चक्र लावून पुन्हा पुन्हा त्याच्यासमोर जाऊन मरतो, शेवटी तोच वैतागून सौदा करतो. उधारी वसूल करणारा माणूस रोज सकाळी दारात येऊन बसावा तसं. दोन, नावातच मल्टिव्हर्स आहे तर भरपूर विश्वं दाखवा. तीन, वांडाचं, म्हणजे मार्वलच्या त्या जादू करणाऱ्या बाईचं, नीट करा. बस.

होमवर्कचं पण आधीच ठरवा. या पिक्चरच्या आधी 'वांडाव्हिजन' ही नऊ भागांची सिरीज २०२१ मध्ये आली होती आणि वांडा इथं अशी का वागते ते सगळं तिच्यात आहे. मी ती बघून गेलो होतो, आमच्यातल्या तिघांनी बघितली नव्हती. कोण काय बघून आलंय हे जाण्याआधी माहिती असू द्या, नंतरच्या भांडणात लय कामाला येतं, कारण निम्मी भांडणं पिक्चरवरची नसतातच, कुणाचा अभ्यास झाला होता आणि कुणाचा नव्हता याचीच असतात.

बाहेर आल्यावर दहा मिनिटं गप्प

लाइट लागल्या लागल्या बोलायचं नाही. मागं बसणाऱ्याला पण सांगून ठेवा. आम्ही सात रस्ता चौकापर्यंत काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं, एक जण तरी सुरू झालाच, असो. त्या दहा मिनिटांत जे जे आठवतंय ते नोट करा, आणि विशेषणं लिहायची नाहीत. भारी, बोअर, बकवास, खतरनाक यातला एक शब्द लिहायचा नाही. फक्त जागा लिहायची, कुठल्या सीनला काय झालं ती.

ही सवय मला कारखान्यात लागली. मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. चेकिंगच्या टेबलावर ज्या मावशी बसतात त्या टॉवेल हातात घेऊन "खराब आहे" असं कधी म्हणत नाहीत. जिथं धागा सुटलाय, जिथं तेलाचा डाग पडलाय, तिथं खूण करतात आणि माल पुढं सरकवतात. मग तो दुरुस्त करायचा, सेकंडमध्ये टाकायचा की तसाच पॅक करायचा ते नंतर ठरतं. खूण आधी, निकाल नंतर. पिक्चरच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो, निकाल पार्किंगमध्येच देऊन टाकतो आणि मग घरी जाऊन त्याला शोभतील असे डाग शोधत बसतो.

माझी त्या दिवशीची नोट अशी होती, आहे तशी देतो: सुरुवातीला शेंडीवाला स्ट्रेंज मेला, चांगलं वाटलं. रस्त्यावरचा एक डोळ्याचा ऑक्टोपस, ठीक. लग्नात ख्रिस्टीन (स्ट्रेंजची जुनी प्रेयसी, लग्न तिचंच) विचारते तू खूश आहेस का, गप्प झालो. वांडा इतकी लगेच व्हिलन? मोठे मोठे हिरो आले आणि गेले, राग. सुरांची मारामारी, उठून टाळ्या. प्रेत, येस्स. शेवट कसातरी. आवाज फाटतोय.

आता तक्रारी वेगळ्या करा

इथं जरा वेळ द्या, खरं काम हेच आहे. प्रत्येक तक्रारीला विचारायचं की बाई तू नक्की कुणाच्या खात्यातली? थेटरच्या, ट्रेलरच्या, मागच्या पार्टच्या, का खरोखर या पिक्चरच्या?

थेटरचं खातं सोपं आहे, पटकन उडवून टाका. आम्ही ज्या थेटरला होतो तिथला डावीकडचा स्पीकर फाटत होता, थ्रीडी चष्म्यातून पडदा तसाही काळपट दिसतो आणि या पिक्चरमध्ये अंधारातले सीन भरपूर. वर इंटरव्हल. इंग्लिश पिक्चरमध्ये तो लिहिलेलाच नसतो, आपल्याकडं मधेच कापून घालतात, त्यामुळं पॉपकॉर्नच्या रांगेत उभं राहून "सेकंड हाफ ढिला आहे" असं म्हणण्यात काही अर्थ नाही, त्याला हाफ नाहीतच मुळात. "आवाज फाटतोय" खोडून टाकलं. "शेवट कसातरी" याच्यापुढं प्रश्नचिन्ह टाकलं, कारण तोवर डोकं दुखायला लागलं होतं आणि त्यात शेवटाचा किती दोष ते मला सांगता येईना.

ट्रेलरचं खातं जरा फसवं असतं. ट्रेलरमध्ये एक्स-मेनवाल्या प्रोफेसर एक्सचा आवाज ऐकू आला होता, पॅट्रिक स्टुअर्टचा, आणि त्या एका आवाजावर आम्ही तीन महिने काय काय रचलं होतं ते सांगायला पण लाज वाटते. मग पिक्चरमध्ये ते इल्युमिनाटी नावाचं, दुसऱ्या विश्वातल्या हिरोंचं मंडळ आलं, प्रोफेसर एक्स, मिस्टर फँटास्टिक, कॅप्टन कार्टर, ब्लॅक बोल्ट, एकेकाच्या एंट्रीला शिट्ट्या, आणि थोड्याच वेळात वांडानं या सगळ्यांना मारून टाकलं. ब्लॅक बोल्टचं तर तोंडच गायब केलं. थेटर एकदम शांत. मला एवढा राग आला होता की बास. पण रात्री त्या तीन ओळी काढून बघितल्या तर त्यात कुठंही "जुने हिरो पाहिजेत" असं नव्हतं. ती भूक ट्रेलरनं लावली होती. पिक्चरला त्या सीनमधून एकच सांगायचं होतं की ही बाई आता कुणाच्या बापाला थांबायची नाही, आणि ते मला बरोबर कळलं होतं, कळलं म्हणूनच तर राग आला होता. मग तो राग तक्रारीतून उचलून आवडलेल्यात टाकला. कुठल्या तरी तक्रारीचं असं होतंच, घाबरू नका, पलटी मारली असं होत नाही.

दुसरी ओळ मात्र तशीच राहिली. नावात मल्टिव्हर्स, आणि खरी वेगवेगळी विश्वं दिसतात ती एका झटक्यात, पडता पडता, एक कार्टूनचं, एक नुसत्या रंगाचं, काही सेकंदात संपलं. बाकी वेळ पिक्चर ज्या एका दुसऱ्या विश्वात रेंगाळतो तिथला फरक काय, तर लाल सिग्नलला गाड्या सुटतात. सोलापूरकराला यात नवीन काय सांगा? आपण रोज त्याच विश्वात राहतो. ही तक्रार ना थेटरची ना ट्रेलरची, नाव त्यांनीच ठेवलंय, त्यामुळं पिक्चरच्याच खात्यावर.

दिग्दर्शक कोण ते बघितल्याशिवाय निकाल देऊ नका

पहिला पार्ट स्कॉट डेरिकसनचा. दुसरा पण तोच करणार होता, जानेवारी २०२० मध्ये तो बाजूला झाला आणि सॅम रेमी आला. हे कळल्यावर माझ्या निम्म्या नोटचा अर्थच बदलला. रेमी म्हणजे १९८१ च्या 'ईव्हिल डेड'वाला माणूस, आणि आपल्या वयाच्या लोकांसाठी २००२, २००४ आणि २००७ चे तिन्ही स्पायडरमॅन त्याचेच. आमच्यातल्या एकाची मोठी तक्रार होती की "हा मार्वलसारखा वाटतच नाही, मधेच भुताचा पिक्चर झालाय." अरे बाबा, ज्याला बोलावलंय तो तेच करणार! कॅमेरा वाकडा होणं, आरशातून हात येणं, आणि ते प्रेत. सुरुवातीला मेलेला शेंडीवाला स्ट्रेंज छतावर पुरलेला असतो, आपला स्ट्रेंज दुसऱ्या विश्वात बसून त्या सडलेल्या शरीरात शिरतो आणि अंगावर आलेल्या आत्म्यांचाच अंगरखा करून उडत जातो. हे सुचायला माणूस तसाच लागतो. शेवटच्या क्रेडिटनंतर जो पिझ्झावाला स्वतःलाच मारणं थांबवून "संपलं" म्हणतो तो ब्रूस कॅम्पबेल, 'ईव्हिल डेड'चा हिरो. आम्ही सोडून सगळं थेटर उठून गेलं होतं, झाडूवाले काका आमच्याकडं बघत उभे होते.

आणि सुरांची मारामारी. एक स्ट्रेंज दुसऱ्या बिघडलेल्या स्ट्रेंजवर कागदावरचे स्वर उचलून फेकतो, तो पियानोवरचे उलटे फेकतो, बीथोवन आणि बाखच्या ओळी शस्त्रासारख्या एकमेकांवर आपटतात, संगीत डॅनी एल्फमनचं. आमच्यातला एक सोलापूरच्या पूर्व भागातला आहे, घरी तेलुगू, पिक्चर बघायचा तर आवाजासकट बघतो असला प्राणी, तो त्या सीनला खुर्चीवर उभा राहिला. सुपरहिरोच्या मारामाऱ्या पुढच्या आठवड्यात विसरतात, ही मला अजून सुरासकट आठवते.

तर दिग्दर्शक बदलला असेल तर त्याचं आधीचं एक तरी काम बघा आणि मग ठरवा की तुम्हाला पिक्चर आवडला नाही का हा माणूसच आवडत नाही. दोन्ही चालतं. फक्त वेगळं सांगा. आणि मागचे रेकॉर्डही बघा, याच रेमीच्या २००७ च्या स्पायडरमॅनमध्ये सँडमॅन, व्हेनम आणि हॅरी असे तीन तीन व्हिलन कोंबले होते, तरी मी त्यातला सँडमॅन पहिल्यांदा वाळूतून उठतो तो सीन अजून काढून बघतो.

दुसऱ्यांदा बघा, पण वेगळ्या माणसाबरोबर

लगेच नाही, आणि शक्यतो थेटरला नाही, तिकिटाचे दर बघता एकदाच पुरे. महिन्या-दीड महिन्यात हा हॉटस्टारवर आला तेव्हा मी घरी हिंदीत लावला. आईनं सिरीज बघितलेली नाही, मार्वल म्हणजे काय ते माहिती नाही, ती शेंगा सोलत बसली होती आणि मधून मधून मान वर करत होती.

माझी सगळ्यात मोठी तक्रार वांडाची होती. नऊ भागांच्या सिरीजमध्ये ती दुःखातून जाते, स्वतःच तयार केलेली दोन पोरं आणि नवरा स्वतःच्या हातानं सोडते, काहीतरी शिकते, आणि पिक्चर सुरू झाल्यावर सरळ व्हिलन. डार्कहोल्ड नावाच्या काळ्या जादूच्या पुस्तकानं डोकं फिरवलं म्हणे. व्हिजनचं, म्हणजे त्या नवऱ्याचं, नाव तर जेमतेम. मला वाटलं की नऊ भाग बघून मी मूर्ख ठरलो. हे सगळं मी आईला समजावून सांगायला लागलो, तिनं हातानंच गप्प बस म्हणून खुणावलं.

शेवटाकडं तो सीन येतो, वांडा दुसऱ्या विश्वातल्या आपल्या पोरांजवळ पोचते आणि ती पोरं तिलाच बघून ओरडतात, हाताला येईल ते तिच्यावर फेकतात. आईनं शेंगा सोलायच्या थांबवल्या. "भ्याली की रं पोरं आईलाच," एवढंच म्हणाली. मग दुसरी वांडा, त्या पोरांची खरी आई, उठून हिच्या गालाला हात लावते, तेव्हा ती काही बोलली नाही, पदरानं नाक पुसलं आणि पुन्हा शेंगा.

"शेवट कसातरी" मी त्या रात्री खोडलं. मला पहिल्या ओळीसारखा डोकेबाज शेवट पाहिजे होता म्हणून मी स्ट्रेंजकडं बघत बसलो होतो, आणि शेवट वांडाचा होता. तिला कुणी हरवत नाही, ती पोरांचे चेहरे बघून थांबते. पण म्हणून माझी वांडाची तक्रार मिटली असं समजू नका. सिरीज बघणाऱ्याला सुरुवात खटकते ती खटकतेच, आईला खटकली नाही कारण तिला आधीचं माहितीच नव्हतं. एकाच बाईबद्दल दोन उलट्या गोष्टी माझ्या नोटमध्ये आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत, मी त्यांचं लग्न लावायच्या भानगडीत पडलो नाही.

आता भांडायला जा

पार्क चौपाटीला उभं राहून भांडायचं असेल तर काही गोष्टी पाळा. दोन वाक्यांच्या मधे "पण" घालायचा नाही, "आणि" घालायचा. "सुरांची मारामारी भारी पण विश्वं कमी" म्हटलं की समोरचा फक्त विश्वं कमी एवढंच ऐकतो आणि तुम्हाला हेटर म्हणून मोकळा होतो. "सुरांची मारामारी भारी आणि विश्वं कमी" म्हटलं की तो जरा गोंधळतो, गोंधळला की विचार करतो. करून बघा.

"तू खरा फॅन नाहीस बे" असं कुणी म्हणालं तर चिडू नका, त्याला एका सीनचं विचारा. आमच्यातला जो सगळ्यात जास्त ओरडत होता की पिक्चर मास्टरपीस आहे, त्याला मी विचारलं की लग्नात ख्रिस्टीन काय विचारते? त्याला आठवेना. दुसरा म्हणत होता सगळा कचरा आहे, त्याला पण आठवेना, तो तेव्हा बाहेर फोनवर होता म्हणे. खूण नसलेल्या मालावर वाद घालायचा नसतो, त्या दोघांना एकमेकांत सोडून आम्ही कुल्फी घेतली.

लहान मामेभाऊ विचारतो "दादा, पैसे वसूल का?" हा प्रश्न पूर्ण वेगळा आहे, त्याला तुमच्या नोटमधलं काही सांगायला जाऊ नका. त्याला एवढंच विचारा की अंधारात दचकतोस का, आणि आधीची सिरीज बघणार आहेस का. दचकत असेल तर घरी बघ म्हणावं, पोरं उगीच रात्री उठतात आणि मामी आपल्याला फोन करते. मोठ्या माणसांनी विचारलं, म्हणजे काका वगैरे, तर "तुमच्या टाइपचा नाही" म्हणून सुटायचं.

ॲपवर तारे मागतात तिथं मी काही भरत नाही. पाचातले तीन तारे दिले तर माझे तीन आणि ज्यानं अर्धा पिक्चर झोपून बघितला त्याचे तीन सारखेच दिसतात.

नोट ठेवून द्या

डिलीट करू नका. पुढचा पार्ट कधीतरी येईलच, यातच शेवटी स्ट्रेंजला कपाळावर तिसरा डोळा उघडलाय आणि चार्लीझ थेरन येऊन त्याला डार्क डायमेन्शनमध्ये घेऊन गेलीय, ती दोरी कुठंतरी बांधावी लागणारच. त्या वेळी नव्या तीन ओळी लिहायच्या आधी जुनी नोट काढायची.

माझी सध्या अशी आहे. आवडलं: सुरांची मारामारी, प्रेत, लग्नातला प्रश्न, इल्युमिनाटीला मारलं ते, पोरं भ्याली ते. नाही आवडलं: विश्वं कमी, वांडा सुरुवातीला, अमेरिका चावेझला (एका विश्वातून दुसऱ्यात जाऊ शकणारी ती पोरगी) नुसतं पळवत ठेवलं, पोरीला करायला काही दिलंच नाही. खोडलेलं: आवाज, शेवट. खाली आईच्या बाजूनं एक ओळ मी लिहून ठेवलीय, तिनं दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना मधेच विचारलं होतं, "त्या बाईचं पुढं काय झालं, मेली का खरंच?" वांडानं तो डोंगरावरचा अख्खा दगडी वाडा स्वतःवर पाडून घेतला एवढंच दाखवलंय, प्रेत दाखवलं नाही, तेवढं सांगितलं. तिनं तवा उतरवला आणि म्हणाली मग हाय की.